वाचक विचारतात : समाजमाध्यमावरचे खाते कायमचे बंद करताना

या सदराकडे गेल्या काही आठवड्यांत आलेल्या पत्रांत एक प्रश्न वेगवेगळ्या शब्दांत पुन्हा पुन्हा आला आहे : खाते बंद करायचे आहे, पण ते बंद होत नाही, किंवा झाले की नाही ते कळत नाही. त्यांतली पाच पत्रे निवडून, आवश्यक तेवढी संक्षिप्त करून, उत्तरांसह येथे देत आहोत. पत्रलेखकांची नावे त्यांच्या इच्छेनुसार छापलेली नाहीत.

प्रश्न : मी मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झाले. आता दुपारचा वेळ टॅबवर शब्दकोडी सोडवण्यात छान जातो, त्यामुळे फेसबुकची गरज वाटेनाशी झाली आहे. आजवर तीन वेळा मी खाते बंद केले. पण दर वेळी चार-सहा दिवसांत भाचीचा फोन येतो, ‘मावशी, तू परत आलीस का?’ मी फेसबुक उघडलेलेही नसते. खात्यावर अकरा वर्षांचे फोटो आहेत आणि शाळेच्या माजी विद्यार्थ्यांचे पेजही मी एकटीच सांभाळते. खाते कायमचे बंद कसे करावे आणि या सगळ्याचे काय होईल? – एक वाचक, सांगली

उत्तर : बाई, आपण तिन्ही वेळा खाते ‘डिअ‍ॅक्टिव्हेट’ केले असणार. फेसबुकवर ‘डिअ‍ॅक्टिव्हेट’ आणि ‘डिलीट’ हे दोन पर्याय एकाच पानावर, एकाखाली एक दिसतात आणि पहिला पर्याय कमी धोक्याचा वाटत असल्याने बहुतेकांचे बोट त्यावरच पडते. डिअ‍ॅक्टिव्हेट करणे म्हणजे दुकानाचे शटर ओढून मालकाने आतच बसून राहणे. आपली भिंत आणि आपले फोटो इतरांना दिसत नाहीत, परंतु सारे काही जसेच्या तसे जागेवर असते, मेसेंजर तर सुरूही ठेवता येतो, आणि आपण पुन्हा लॉग-इन करताच शटर वर जाते.

खाते परस्पर सुरू होण्याचे कारण बहुधा आपल्या पत्राच्या दुसऱ्याच वाक्यात आहे. शब्दकोड्यांचा तो खेळ सुरू करताना ‘कंटिन्यू विथ फेसबुक’ हे निळे बटण आपण कधीकाळी दाबले असेल, तर तो खेळ आपली ओळख फेसबुककडून पटवून घेतो, आणि अशा रीतीने दुसऱ्या ठिकाणी फेसबुकचे खाते वापरून केलेले लॉग-इनदेखील डिअ‍ॅक्टिव्हेट केलेले खाते पुन्हा जागे करते. आपण फेसबुक उघडले नव्हते हे खरेच आहे. ते कोड्याच्या वाटेने उघडले गेले.

म्हणून कायमचे बंद करण्याआधी पहिले काम या गाठी सोडवण्याचे. फेसबुकच्या सेटिंग्जमध्ये ‘अ‍ॅप्स अँड वेबसाइट्स’ असा विभाग आहे. आपल्या फेसबुक खात्याच्या आधारे कोणकोणते खेळ, खरेदीची संकेतस्थळे वा गाण्यांची अ‍ॅप चालू आहेत, त्यांची यादी तेथे मिळते. त्यांपैकी जे हवे असेल त्यात जाऊन लॉग-इनसाठी ईमेल किंवा मोबाइल क्रमांक नोंदवावा आणि तो चालतो याची खात्री करूनच यादीतून ते काढावे. हे न करता खाते पुसले तर कोड्यांच्या खेळातली आपली सारी प्रगती अडकून पडेल, आणि दुपारी दोन वाजता ते लक्षात येईल.

दुसरे काम पेजचे. पेजवर पूर्ण नियंत्रण असलेली एकमेव व्यक्ती खाते पुसते तेव्हा पेजही त्याबरोबर जाते. त्यामुळे एखाद्या विश्वासू माजी विद्यार्थ्याला पेजच्या सेटिंग्जमधून पूर्ण अधिकार द्यावेत. येथे पुष्कळांची एक चूक होते : निमंत्रण पाठवले की काम झाले असे ते समजतात, पण समोरच्याने ते स्वीकारेपर्यंत पेज आपल्या एकट्याच्याच नावावर असते. विद्यार्थ्याला फोन करून, त्याच्या पडद्यावर पेज त्याच्या अधिकारात दिसते आहे हे त्याच्या तोंडून ऐकावे आणि मगच पुढे जावे.

तिसरे काम फोटोंचे, आणि ते घाईने उरकू नये. सेटिंग्जमधल्या ‘अकाउंट्स सेंटर’मध्ये ‘युवर इन्फर्मेशन अँड परमिशन्स’ या विभागातून आपली सर्व माहिती एकत्र उतरवून घेता येते. ती मागताना तीन गोष्टी पाहाव्यात. कालावधी ‘ऑल टाइम’ असावा, नाहीतर अकरा वर्षांऐवजी अलीकडच्याच काळाचे फोटो हाती येतात. प्रकार ‘एचटीएमएल’ निवडावा, कारण तो साध्या ब्राउझरमध्ये पानासारखा उघडतो, तर ‘जेसन’ हा प्रकार यंत्रांनी वाचण्यासाठी असतो. आणि चित्रांचा दर्जा ‘हाय’ ठेवावा. माहिती तयार होण्यास काही तास, कधी त्याहून अधिक वेळ लागतो, आणि तयार झालेली फाइल उतरवून घेण्याची मुदत थोड्याच दिवसांची असते. फाइल संगणकावर आल्यावर ती उघडून आठ-दहा फोटो प्रत्यक्ष पाहावेत. प्रस्तुत लेखकाने हा धडा ऑर्कुट या जुन्या समाजमाध्यमाच्या वेळी घेतला. ३० सप्टेंबर २०१४ रोजी ते संकेतस्थळ बंद झाले, आपला मजकूर उतरवून घेण्याची सोय दिलेली होती, आणि ‘पुढच्या रविवारी करू’ असे म्हणत म्हणत महाविद्यालयीन मित्रांचे सगळे स्क्रॅप, म्हणजे त्यांनी लिहिलेले संदेश, आमच्याच आळसाने गेले.

आता मुख्य काम. फेसबुकमध्ये तीन आडव्या रेघांचा मेनू उघडून ‘सेटिंग्ज अँड प्रायव्हसी’, त्यात ‘सेटिंग्ज’, मग ‘अकाउंट्स सेंटर’, तेथे ‘पर्सनल डिटेल्स’, त्यात ‘अकाउंट ओनरशिप अँड कंट्रोल’ आणि शेवटी ‘डिअ‍ॅक्टिव्हेशन ऑर डिलीशन’ या मार्गाने जावे. या नावांत अधूनमधून किरकोळ बदल होतात, पण ‘ओनरशिप’ हा शब्द शोधला की वाट सापडते. इन्स्टाग्रामचे खाते तेथेच जोडलेले असल्यास दोन्ही नावे दिसतात, तेव्हा योग्य नावावर बोट ठेवत आहोत ना, हे पाहावे. नंतर ‘डिलीट अकाउंट’ निवडावे. पुढची एक-दोन पाने आपल्याला थोपवण्यासाठी असतात : कारण विचारले जाते, तात्पुरते बंद करण्याचा पर्याय पुन्हा पुढे केला जातो. न डगमगता पुढे जाऊन पासवर्ड द्यावा.

त्या दिवसापासून ३० दिवसांची मुदत सुरू होते. या काळात खाते इतरांना दिसत नाही, पण आपण लॉग-इन केल्यास निर्णय रद्द करण्याची संधी मिळते. आपल्याला ती संधी नको आहे, त्यामुळे त्याच दिवशी मोबाइल, टॅब आणि घरातला संगणक या तिन्हींतून फेसबुक आणि मेसेंजर ही अ‍ॅप काढून टाकावीत, ब्राउझरमध्ये साठवलेला पासवर्ड पुसावा आणि भिंतीवरच्या कॅलेंडरवर एकतिसाव्या दिवशी खूण करावी. ३० दिवसांनंतर खाते परत मिळत नाही. आपण टाकलेला सर्व मजकूर कंपनीच्या यंत्रणेतून पुसला जाण्यास ९० दिवसांपर्यंत वेळ लागू शकतो, आणि आपत्कालीन साठ्यातल्या प्रती त्यानंतरही काही काळ राहू शकतात. याशिवाय आपल्याकडचा एक नियम फारसा कोणाला ठाऊक नसतो : माहिती तंत्रज्ञानविषयक २०२१ च्या नियमांनुसार, वापरकर्त्याने नोंदणी रद्द केल्यावरही नोंदणीच्या वेळी घेतलेली त्याची माहिती १८० दिवस जपून ठेवण्याचे बंधन अशा कंपन्यांवर आहे. गुन्ह्याचा तपास करावा लागला तर हाताशी काही असावे, हा त्यामागचा हेतू.

आपण इतरांना पाठवलेले संदेश मात्र त्यांच्याकडे राहतात. फक्त आपल्या नावाच्या जागी ‘फेसबुक यूजर’ असे कोरडे शब्द येतात. भाचीने तिच्या खात्यावर टाकलेले आपले फोटोही तिचेच असतात. ते काढायचे असल्यास सेटिंग्जचा उपयोग नाही, भाचीलाच सांगावे लागेल.

प्रश्न : माझे किराणा दुकान आहे. दोन महिन्यांपूर्वी मी व्हॉट्सअ‍ॅप फोनमधून काढून टाकले. तरी गणपती मंडळाच्या ग्रुपमध्ये माझे नाव आहे, लोक मेसेज पाठवतात, एकच टिक येते म्हणतात आणि उत्तर नाही म्हणून रुसतात. आता तर तो नंबरच बंद करायचा विचार आहे. – एक दुकानदार, चिपळूण

उत्तर : नंबर बंद करण्याआधी हे उत्तर वाचले जावे, अशी आशा आहे. फोनमधून अ‍ॅप काढल्याने खाते जात नाही. ते व्हॉट्सअ‍ॅपच्या यंत्रणेत जिवंत राहते आणि मंडळींना दिसणारी एकुलती एक टिक ही ‘पाठवला, पण पोहोचला नाही’ याची खूण असते. वापर अजिबात न झाल्यास साधारणपणे १२० दिवसांनी कंपनी असे खाते स्वतःहून पुसते, पण तोपर्यंत गावभर रुसवे काढत बसण्यापेक्षा पाच मिनिटांचे काम करावे.

सिम कार्ड चालू असतानाच अ‍ॅप पुन्हा घ्यावे, ओटीपी टाकून खाते उघडावे, ‘सेटिंग्ज’मधून ‘अकाउंट’ आणि तेथून खाते पुसण्याच्या पर्यायावर जाऊन आपला क्रमांक टाकावा. त्यासरशी सर्व ग्रुपमधून आपले नाव निघते, आपल्या फोनमधल्या गप्पा जातात आणि गूगलच्या खात्यात ठेवलेली त्यांची राखीव प्रतही जाते. येथे फेसबुकसारखी ३० दिवसांची सवलत नाही. बटण दाबले की परतीची वाट बंद होते. म्हणून उधारीच्या नोंदी, घाऊक व्यापाऱ्याने पाठवलेली बिले असे काही गप्पांमध्ये अडकलेले असेल तर त्या व्यक्तीच्या संवादातला ‘एक्सपोर्ट चॅट’ हा पर्याय वापरून ते आधी आपल्या ईमेलवर पाठवून ठेवावे. केवळ नंबर बदलायचा असून व्हॉट्सअ‍ॅप हवेच असेल, तर काही न पुसता त्याच ‘अकाउंट’ विभागातला ‘चेंज नंबर’ हा पर्याय घ्यावा.

सिम बंद करण्याचा क्रम शेवटचा ठेवावा, हे आवर्जून सांगतो. बंद झालेला क्रमांक किमान ९० दिवस दुसऱ्याला दिला जात नाही, असे दूरसंचार नियामक प्राधिकरणाने २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयात सांगितले. म्हणजे त्यानंतर तो कोणाच्याही खिशात जाऊ शकतो. त्या क्रमांकाला बँक, आधार, गॅसची नोंदणी आणि दुकानातल्या क्यूआर कोडचे खाते जोडलेले असेल, तर त्यांचे ओटीपीही त्याच खिशात जातील. ही सर्व ठिकाणे आधी बदलावीत, मग व्हॉट्सअ‍ॅप पुसावे, मग सिम बंद करावे.

प्रश्न : मी बारावीला आहे आणि ‘नीट’ची तयारी करते. आईचे म्हणणे आहे की इन्स्टाग्राम कायमचे डिलीट कर. दोन वर्षे रांगोळ्यांचे व्हिडिओ टाकले आहेत. – एक विद्यार्थिनी, नाशिक

उत्तर : आईंचे म्हणणे वेळेच्या बाबतीत योग्य आहे, उपायाच्या बाबतीत थोडे कडक आहे. परीक्षेपुरते दूर राहायचे असेल तर डिअ‍ॅक्टिव्हेट करणे पुरेसे आहे. त्यात रांगोळ्या सुरक्षित राहतात. इन्स्टाग्रामवर ही सोय आठवड्यातून एकदाच वापरता येते, त्यामुळे मधेच डोकावून लगेच पुन्हा बंद करू म्हटले तर चालत नाही, आणि ही अडचण तुझ्या फायद्याचीच समज. पासवर्ड बदलून तो आईला एका कागदावर लिहून दे. खाते पुसलेस तर येथेही ३० दिवसांची मुदत असते, आणि त्यानंतर तुझे सध्याचे वापरकर्ता-नाव दुसऱ्या कोणी घेतले असल्यास तुला ते परत मिळणार नाही.

प्रश्न : माझे एक जुने फेसबुक खाते आहे. पासवर्ड आठवत नाही, तेव्हाचा मोबाइल क्रमांक बंद आहे आणि ईमेलही उघडत नाही. तरुणपणी त्यावर बरेच बाष्कळ लिहिले आहे; आता मुलीचे लग्न ठरते आहे. ते कसे काढू? – एक वाचक, ठाणे

उत्तर : आपल्या हाती नसलेले खाते पुसता येत नाही, त्यामुळे आधी ते परत मिळवणे भाग आहे. ज्या संगणकावरून वा फोनवरून आपण ते खाते पूर्वी वापरत होता, तो अजून घरात असेल तर त्यावरूनच ‘पासवर्ड विसरलो’ या मार्गाने प्रयत्न करावा, कारण ओळखीच्या उपकरणावरून आलेली विनंती यंत्रणेला अधिक भरवशाची वाटते. ओळखपत्र मागितले गेल्यास आणि आधारच द्यायचे झाल्यास ‘मास्क्ड आधार’ द्यावे. त्यात शेवटचे चारच अंक दिसतात. खाते हाती आले की वर सांगितलेल्या मार्गाने ते पुसावे.

यात यश आले नाही तर आपल्याला तक्रारीचा अधिकार आहे. २०२१ च्या त्याच नियमांनुसार अशा प्रत्येक कंपनीला तक्रार निवारण अधिकारी नेमून त्याचा संपर्क जाहीर करावा लागतो आणि तक्रार मिळाल्याची पोच २४ तासांत द्यावी लागते. उत्तर समाधानकारक नसेल तर ३० दिवसांच्या आत केंद्र सरकारच्या तक्रार अपील समितीकडे ऑनलाइन अपील करता येते. तक्रारीत ‘खाते बंद करा’ एवढेच न लिहिता खात्याचा पूर्ण पत्ता, त्यावरील नाव, जुना क्रमांक, आपण आजवर केलेले प्रयत्न आणि त्यांच्या तारखा द्याव्यात. डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षणाच्या २०२३ च्या कायद्याने स्वतःची माहिती पुसून घेण्याचा हक्क मान्य केला आहे, परंतु त्यातील तरतुदी टप्प्याटप्प्याने लागू होत आहेत, म्हणून आज तरी वर सांगितलेला तक्रारीचा मार्गच धरावा. दरम्यान, एखाद्या मित्राच्या खात्यातून आपले जुने पान कोणाकोणाला दिसते ते पाहून घ्यावे. कदाचित ते फक्त मित्रयादीपुरतेच उघडे असेल, आणि त्या यादीतली मंडळी तेव्हा आपल्या इतकीच बाष्कळ लिहीत असतील.

प्रश्न : दोन वर्षांपूर्वी वडील गेले. त्यांचे फेसबुक खाते तसेच आहे. दर वर्षी त्यांच्या वाढदिवसाला सगळ्यांना सूचना जाते आणि ज्यांना ठाऊक नाही ते ‘शतायुषी व्हा’ म्हणून लिहितात. आईला ते बघवत नाही. आम्हा भावंडांना त्यांचा पासवर्ड माहीत नाही. – एक वाचक, सोलापूर

उत्तर : आपल्या पत्रातला ‘शतायुषी व्हा’ हा शब्द वाचून काही वेळ पुढे वाचवले नाही. आपल्यापुढे दोन मार्ग आहेत आणि दोन्हींना पासवर्ड लागत नाही.

पहिला मार्ग खाते स्मृतिखाते करण्याचा. त्यात वडिलांच्या नावाजवळ ‘रिमेंबरिंग’ हा शब्द येतो, त्यांनी लिहिलेले आणि टाकलेले फोटो पूर्वी ज्यांना दिसत होते त्यांना दिसत राहतात, वाढदिवसाची सूचना जाणे थांबते आणि ‘तुमच्या ओळखीचे असू शकतात’ अशा यादीत त्यांचे नाव येत नाही. अशा खात्यात नंतर कोणालाही लॉग-इन करता येत नाही, त्यामुळे ते कोणी चोरून वापरण्याची भीतीही उरत नाही. दुसरा मार्ग खाते कायमचे काढून टाकण्याचा. ही विनंती जवळचे कुटुंबीय किंवा मृत्युपत्राचे व्यवस्थापक यांनाच करता येते.

दोन्हींसाठी फेसबुकच्या मदत विभागात मृत व्यक्तीच्या खात्याबाबतचा अर्ज आहे. वडिलांच्या खात्याचा पत्ता, निधनाची तारीख आणि पुरावा त्यात द्यावा लागतो. महापालिकेने दिलेल्या मृत्यू प्रमाणपत्राची स्पष्ट छायाप्रत हा सर्वांत सोपा पुरावा. त्यावरील अनावश्यक मजकूर झाकून पाठवला तरी चालतो. ते तत्काळ हाती नसेल तर वर्तमानपत्रातील निधनवार्तेचे कात्रण आणि त्याच्या जोडीला नाते सिद्ध करणारा कागद, उदाहरणार्थ आपला जन्मदाखला, असाही पर्याय स्वीकारला जातो. त्यांचे खासगी संदेश वाचायला मिळतील, अशी अपेक्षा ठेवू नये. कुटुंबीयांनाही लॉग-इनची माहिती दिली जात नाही.

आपण भावंडांनी लगेच दुसरा मार्ग धरू नये, असे माझे मत आहे. काढून टाकलेले खाते परत आणता येत नाही, आणि त्यावर वडिलांनी लिहिलेली एखादी ओळ किंवा कोणीतरी काढलेला त्यांचा फोटो घरात दुसरीकडे कोठेही नसण्याची शक्यता असते. आईंचा त्रास त्या सूचनेचा आणि त्या शुभेच्छांचा आहे, आणि पहिल्या मार्गाने सूचना तेवढी थांबते. त्यामुळे आधी वडिलांच्या मित्रयादीत असलेल्या भावंडाने आपल्या खात्यातून दिसणारे त्यांचे सर्व फोटो उतरवून घ्यावेत, मग स्मृतिखात्याचा अर्ज करावा, आणि काढून टाकण्याचा निर्णय आईंना सवडीने घेऊ द्यावा. अर्ज वाढदिवसाच्या बराच आधी करावा, कारण कागदपत्रे तपासण्यास वेळ लागू शकतो.